कढीपत्त्याची हद्द

कुंदा,

परवा तुझ्या घरी भेटायला आलेली माणसं एकजात म्हणत होती, की कुंदाजींचं कधी कुणाशी भांडण म्हणून झालं नाही. समोरच्या मल्होत्रा आंटी तर डोळ्यांना पदर लावून सांगत होत्या, "इतने बरस में ऊँची आवाज़ नहीं सुनी हमने।" मी उठून तुझ्या स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभी राहिले. तिथेच बसले असते तर तुझ्या फोटोसमोर मला हसू फुटलं असतं.

आवाज तर रोज चढायचा. फक्त तो मराठीत चढायचा. गल्लीत मराठी समजणारी आपली दोनच घरं, तेव्हा तू कुंपणाच्या त्या बाजूने आणि मी या बाजूने एकमेकींचे वाभाडे काढत असलो तरी बघणाऱ्याला वाटायचं, सकाळी सकाळी गप्पा चालल्यात. एकदा मल्होत्रा आंटींनी विचारलंदेखील, की तुम्ही दोघी एवढं रंगून काय बोलता. तू क्षणाचाही विचार न करता म्हणालीस, "पूरनपोली की विधि।" आणि त्यांची पाठ वळताच मला म्हणालीस, "हं, तर जिना माझ्या जागेत आहे."

हा नियम कुणी केला ते मला आठवत नाही. पण तू तो पाळलास आणि मीही पाळला. हद्दीवरून भांडायचं ते मराठीत, हिंदीत अवाक्षर नाही. आपल्या फरिदाबादच्या गल्लीत गाडी चढवायच्या वीतभर रॅम्पसाठी माणसं पोलीस चौकीत जाऊन आली, सख्ख्या भावांनी मधे पत्रे ठोकले, मेहंदीचं कुंपण पुढे सरकवलं म्हणून कुणाच्या गाडीची काच फुटली. आपल्या भांडणाचा मात्र गल्लीला पत्ता नाही. इतकं देखणं भांडण दुसऱ्या कुणाचं झालं असेल असं मला वाटत नाही, आणि त्याचा मला गर्व आहे. तो लपवायचं कारण मला दिसत नाही.

चूक मुळात आपल्या चौघांची. सरकारी क्वार्टरमध्ये आपण वर-खाली राहायचो. आमचे हे आणि तुझे श्रीकांतराव एकाच मंत्रालयात. तुझा अमेय आणि माझा नितीन एकाच व्हॅनमधून पहाडगंजच्या मराठी शाळेत जायचे. तुझा गणपती आणि माझा नाताळ, दोन्हींचा फराळ दोन्ही घरांत व्हायचा. तू माझ्यासाठी केकच्या पिठात वेलदोडे घालायचीस आणि मी ते मुकाट्याने खायचे. मग फरिदाबादेत लागून लागून दोन प्लॉट मिळाले तेव्हा आनंदाने आपल्या डोक्यात हवाच गेली. आमचे हे म्हणाले, "दिल्लीत मराठी शेजार मिळालाय, आणि त्यात भिंत घालायची?" सगळ्यांना ते इतकं पटलं की पुढे कुणी विचारच केला नाही. दोन कडांना दोन घरं, मधे एकच अंगण. तू एकटी तेव्हा गप्प होतीस. पुढे म्हणायचीस, की तिथेच बोलायला हवं होतं.

भिंतीऐवजी हद्दीवर कढीपत्ता लावला. ते रोप तू माहेराहून, साताऱ्याहून, दुधाच्या पावडरच्या डब्यातून आणलं होतंस. तेव्हा इकडच्या भाजीवाल्याला कढीपत्ता म्हणजे काय हे समजावता समजावता घसा कोरडा पडायचा. दोघींनी आपापल्या बाजूने हात लांब करावा आणि फोडणीपुरता तोडावा, असा बेत. गावाकडच्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, की बाई, कढीपत्ता हद्दीला लावू नका, त्याचे फुटवे कुठून वर येतील याचा नेम नसतो. पण आपण कुंडीत मिरच्या लावून शेती केल्याचं समाधान मानणारी माणसं. आपल्याला कोण सांगणार?

मग ती थंडीची लाट आली. झाडाची पानं गळली, खोड काळं पडलं, आणि श्रीकांतरावांनी ते कापून मल्होत्रांच्या लोहडीच्या होळीत दिलं. त्याच वर्षी गल्ली उंच झाली, अंगणात पाणी साचायला लागलं म्हणून आपण मातीचा भराव टाकला आणि कोपऱ्यांतले हद्दीचे दगडही त्याखाली गेले. उन्हाळा लागल्यावर दोन फुटवे वर आले. एक तुझ्या ओट्यापाशी, एक माझ्या भिंतीपाशी. मधे एक खाट मावेल एवढी जागा.

जुनं झाड कुठे होतं? मी म्हणाले, तुझ्या ओट्यापाशी. तू म्हणालीस, माझ्या भिंतीपाशी. दोघींना शंभर टक्के आठवत होतं.

मोजायला माणूसही बोलावला. तो पार्ककडून मोजत आला तर जागा माझी निघाली. तू त्याला चहा पाजून पुन्हा देवळाकडून मोजायला लावलंस तर जागा तुझी निघाली. ओळीतल्या प्रत्येकाने भिंत घालताना थोडं थोडं पुढे सरकून घेतलं होतं, आणि ते सगळं मधे आपल्या अंगणात येऊन साठलं होतं. तो माणूस टेप गुंडाळून म्हणाला, आपस में देख लीजिए. आपण त्याचं ऐकलं आणि जन्मभर आपसांतच बघत राहिलो.

नितीनचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही वर खोल्या काढल्या. आतून जिना घ्यायचा तर बैठकीची खोली अर्धी जात होती, म्हणून तो बाहेरून, त्या दोन झाडांच्या मधे उतरवला. श्रीकांतरावांनी खुशाल घाला म्हणून सांगितलं होतं. काम चालू असताना तू एका शब्दाने अडवलं नाहीस. गिलावा झाला त्या दिवशी आलीस, कठड्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "जिना सुरेख झालाय, सरोज. माझ्या जागेत आहे."

मला वाटलं, आता ही तो काढायला लावणार. तसं तुझ्या मनातही नव्हतं. तुला एवढंच हवं होतं, की मी एकदा तोंडाने म्हणावं. जागा तुझी आहे, एवढंच. मी म्हणत नव्हते, कारण मला ते खरं वाटत नव्हतं. आणि मला तुझा राग यायचा, की एवढ्या जवळच्या माणसांत तुझं-माझं कशाला? एका सकाळी मी तसं बोलूनही दाखवलं. तू हातातली कात्री खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "अगं, माझं आहे असं तू म्हटल्याशिवाय मी ते तुला देऊ कसं? तू नुसतं वापरतेस. मला द्यायचंय."

मी विषय बदलून तुझ्या अळूच्या वड्यांना नावं ठेवली. पण ते वाक्य माझ्यापाशी राहिलं. मी चर्चमध्ये वाढलेली. द्यावं, वाटून घ्यावं, हे लहानपणापासून ऐकत आलेली. पण द्यायच्या आधी आपलं काय आहे ते ठाऊक लागतं, हे मला तुझ्याइतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात तू जाळीचं कुंपण घातलंस. दोन्ही घरांतले पुरुष हवालदिल झाले. इतक्या वर्षांचा घरोबा, आता जाळी? तू ती जिन्याला वळसा घालून तुझ्या बाजूने नेलीस, जिना माझ्याकडे ठेवलास, आणि मधे एक लहानसं फाटक ठेवलंस. त्याला कधी कुलूप लावलं नाहीस. मला सांगितलंस, "उघड्या अंगणात तू कधी आलीस आणि कधी गेलीस ते मला कळायचं नाही. आता फाटक वाजेल, मी चहा टाकेन." आणि झालंही तसंच. फाटक वाजायचं, आतून तुझा आवाज यायचा, आणि चहात साखर नेहमीसारखी ढीगभर.

त्यानंतर आपण एकदा खरंच अबोला धरला होता. कारण आता सांगायच्या लायकीचंही नाही. तुझ्या कुंड्या, माझं सांडपाणी, असलं काहीतरी. पण तुझी वाटी माझ्याकडे होती, आणि रिकामी वाटी परत पाठवायची नाही हे तुझ्याही आईने शिकवलेलं आणि माझ्याही. मी रागारागाने तीत चमचाभर साखर घातली आणि फाटकावर ठेवून आले. दुसऱ्या दिवशी माझी वाटी आली. तीत कढीपत्त्याचा एक डहाळा होता, माझ्या भिंतीपाशी उगवलेल्या झाडाचा. माझ्याच दारचा, मला न विचारता तोडून, मलाच भेट. मी तो फोडणीत घातला आणि आमटी घेऊन तुझ्याकडे आले. तुझ्यासारखं भांडायला अक्कल लागते, कुंदा.

दोघींचे नवरे गेले. आधी माझा, मग तुझा. मुलांपैकी नितीन वरच राहिला, अमेय बंगळुरूला गेला. गल्लीत एकेक घर पाडून त्या जागी चार चार मजले उभे राहायला लागले, खाली गाड्या आणि वर फ्लॅट. आणि एके दिवशी बिल्डर तुझ्या दाराशी आला.

मी जिन्यावर कपडे वाळत घालत होते. त्याला तुझा प्लॉट हवा होता, पण पूर्ण रुंदीचा. तो जिन्याकडे बोट दाखवून बोलत होता. पड़ोसियों ने आपकी ज़मीन दबा रखी है, माताजी, एक केस ठोकते हैं, सीढ़ी हम तुड़वा देंगे, आपको कुछ नहीं करना. तुला फक्त मान हलवायची होती. जे तू मला रोज सकाळी ऐकवत होतीस तेच तो माणूस हिंदीत म्हणत होता. माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. गेला जिना, असं मी मनात म्हटलंदेखील.

तू ओट्यावरून उतरलीस. तुझ्या ओट्यापाशी जे झाड आहे, ज्याला तू जन्मभर हद्द मानलं नाहीस, त्याच्या खोडावर हात ठेवलास आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "हमारी हद यहाँ तक है। सीढ़ी उनकी ज़मीन पर है। यहाँ कोई झगड़ा नहीं है, भाई साहब।"

तो गेला. तू वर माझ्याकडे पाहिलंही नाहीस, सरळ आत गेलीस. मी कपड्यांची बादली तिथेच टाकून बसले. आयुष्यात मला माणसांचा अभिमान वाटला तो बहुतेक परीक्षा-नोकऱ्यांवरून. त्या दिवशी मात्र माझी छाती भरून आली ती आपल्याशी भांडणाऱ्या बाईच्या एका धडधडीत खोट्या वाक्यावरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांजा करून घेऊन आले. फाटक वाजलं, तू चहा टाकलास. मी काय बोलायचं ते रात्रभर मनात जुळवलं होतं, आणि तोंड उघडणार तोच तू माझ्यापुढे बशी सरकवलीस आणि म्हणालीस, "त्याच्याशी बोलले ते त्याच्यासाठी. जागा माझीच आहे." आणि वर, "सांजा कोरडा झालाय."

माझे आभार तिथेच राहिले. मी चिडून पार्ककडच्या मोजणीवर आले, तू देवळाकडच्या. चहा निवला तरी आपण थांबलो नाही.

हॉस्पिटलमध्येही तू मला ते बोलू दिलं नाहीस. बाहेर धुकं आणि धूर, आत तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मी खुर्ची ओढून बसले, म्हटलं आज तरी सांगायचं, की त्या दिवशी तू जे केलंस ते मी विसरलेले नाही. तू मास्क बाजूला केलास. नर्स ओरडली तरी तू विचारलंसच, "कुठून आलीस, पार्ककडून की देवळाकडून?" मी म्हणाले, गप्प पडून राहा. हे आपलं शेवटचं बोलणं. मला त्याचं वाईट वाटतं आणि वाटतही नाही. निरोपाची गोड गोड वाक्यं तुला शोभली नसती, आणि मला ती जमलीही नसती.

तू गेल्यावर पहिल्या रविवारी चर्चमध्ये तुझ्यासाठी प्रार्थना केली. देवाला म्हटलं, हिला नीट सांभाळ, आणि एक सांगून ठेवते, हिच्याशी मोजमापाचा विषय काढू नकोस.

आता खरं सांगायचं ते सांगते. तुझं तेरावं झालं आणि अमेय घर विकून टाकायचं म्हणाला. त्याला दोष देऊ नकोस. इथे येऊन राहणं त्याला जमणार नाही. तोच बिल्डर टेप आणि माणूस घेऊन आला. अमेयने मला आणि नितीनला अंगणात बोलावलं. तुझ्यासारखंच कपाळ त्याचं, पण भांडण अंगात अजिबात उतरलेलं नाही. माझा हात धरून म्हणाला, "मावशी, मला बिल्कुल झगडा नकोय यार. तू सांगशील तीच लाइन. जिना राहू दे, मी कागदावर तसंच लिहून देतो."

नितीनने सुटकेचा श्वास सोडला. मुलगा तुझा, सही तुझ्या वारसाची, आणि हद्द मी सांगायची. इतकी वर्षं जे हवं होतं ते हातात आलं होतं. मी ओट्याकडे पाहिलं. तिथून "हं, बोल की आता" असं म्हणणारं कुणी नव्हतं. कुंदा, मला जिंकायचं होतं, खरंच जिंकायचं होतं. पण तू समोर उभी असताना, तू तीन मुद्दे काढल्यावर आणि मी ते खोडल्यावर. तू गेल्यावर तुझ्या मुलाच्या चांगुलपणावर ती जागा खिशात घालायची? तेवढी लाज मला आहे.

आणि तुझं ते कात्री खाली ठेवून म्हटलेलं वाक्य आठवलं. आपलं म्हटल्याशिवाय देता येत नाही. मला जागा माझी वाटते, आजही वाटते. म्हणजे ती द्यायचा अधिकारही माझाच.

मी चालत माझ्या भिंतीपाशी गेले. तिथल्या झाडावर, तू जन्मभर ज्याला हद्द म्हणालीस त्या झाडावर, हात ठेवला. समोर मल्होत्रा आंटी गॅलरीत होत्या, शेजारचे दोघं-तिघं टेप बघून जमलेच होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इनकी हद यहाँ तक है। सीढ़ी कुंदा की ज़मीन पर है। नाप लीजिए।"

बिल्डरच्या माणसाने दोनदा विचारलं, पक्का? मी म्हटलं, पक्का. नितीन घरात येईपर्यंत थांबला आणि मग म्हणाला, "आई, अगं जिना पाडावा लागेल. तू रोज तिच्याशी भांडायचीस ना यावरून?" मी म्हटलं, म्हणूनच. त्याला ते काही समजलं नाही. दोन दिवस तोंड फुगवून होता, आता मिस्त्रीला घेऊन बैठकीच्या खोलीत खुणा करतोय. खोली अर्धी होणार. भेटायला येणाऱ्यांत सगळ्यात जास्त जागा अडवून बसणारी तर तूच होतीस, तेव्हा उरलेली पुरेल.

हद्द सांगितली त्या संध्याकाळी पुन्हा तुझ्याकडे गेले. तू हॉस्पिटलात जायच्या आधी डिंकाचे लाडू पाठवले होतेस, ती वाटी माझ्याकडेच राहिली होती. रिकामी कशी परत करणार, म्हणून सांजा केला. कोरडाच झालाय, बोलू नकोस. फाटक वाजलं. चहा कुणी टाकला नाही. अमेय आतल्या खोलीत फोनवर होता, तुझ्या फोटोसमोर समई तेवत होती आणि दुसरं कुणी नव्हतं.

मी वाटी फोटोपुढे ठेवली, पदर सारखा केला आणि तुला मराठीत सांगितलं,

"त्यांच्याशी बोलले ते त्यांच्यासाठी. जागा माझीच आहे."